लिस्बन सोडायला सहा आठवडे उरले: काय बघू, कुणाला भेटू?

अबोली | ११ मे २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचितच. मूळची गोव्यातल्या सावईवेऱ्याची, गेली सात वर्षं लिस्बनला. संशोधनासाठी आले आणि मग नोकरी लागली. आता परत येतेय, कायमची. आई गेल्यापासून बाबा एकटेच आहेत आणि कुळागर, म्हणजे आमची माडा-पोफळींची बाग, त्यांच्याच्याने होत नाही. निर्णय झालेला आहे, तो बरोबर की चूक यावर मत नकोय.

२१ जूनचं तिकीट आहे. शेवटचे चार आठवडे रजा मिळालीय. एवढी मोकळीक मला सात वर्षांत कधी मिळाली नाही, आणि आता मिळाल्यावर तिचं काय करावं ते कळेना. बघायचं राहून गेलेलं पुष्कळ आहे. अझोरीस बेटं राहिली, मदेरा राहिलं, एव्होराचं हाडांचं चॅपेल राहिलं. पोर्तु दोनदा झालं पण कामापुरतं.

मन मात्र ओढतं ते ओळखीच्या जागांकडे. कासिल्यासची फेरीबोट घ्या. कामावरून सुटल्यावर काही कारण नसताना मी काइश दु सुद्रेच्या धक्क्यावर ती पकडते, तेजो नदी ओलांडते, पलीकडे एक कॉफी घेते आणि परत येते. दहा मिनिटांचा प्रवास. पहिल्या वर्षी घरची आठवण अगदीच सोसवेना झाली की हाच उपाय होता. डोळे मिटले की पणजी-बेती फेरी. इंजिनाची तीच घरघर, धक्क्याला टेकताना बसणारा तोच हिसका. ती फेरी सोडून अझोरीसला जाऊ?

आणि माणसं. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्र्याऐंशी वर्षांच्या. गेल्या महिन्यात, २८ एप्रिलला अख्ख्या पोर्तुगाल-स्पेनची वीज गेली तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून, बॅटरीवरचा रेडिओ ऐकत रात्रीपर्यंत बसलो होतो. तेव्हाही जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

ज्यांनी असा एखादा देश, त्यात घर करून राहिल्यावर, सोडलाय त्यांनी लिहा. शेवटचे दिवस कसे गेले? काय करायला हवं होतं असं आज वाटतं?

दर्यावर्दी | ११ मे

अझोरीस. विचारच करू नको. आज तुझ्याकडे रहिवासाचं कार्ड आहे, मनात आलं की विमानात बसलीस. एकदा ते गेलं की शेंगेन व्हिसा, बँकेची स्टेटमेंटं, हॉटेलांची बुकिंगं, अपॉइंटमेंटसाठी महिने. साओ मिगेल बेटावर फुर्नाशला जमिनीच्या उष्णतेवर जेवण शिजवतात, मोठी पातेली सकाळी खड्ड्यात पुरतात आणि दुपारी काढतात. पिकु बेटावरचा डोंगर २३५१ मीटर, पोर्तुगालमधला सगळ्यात उंच. हे पुन्हा होणार नाही. फेरीबोट काय, बेतीला रोजच आहे.

म्हापशेकर | १२ मे

दर्यावर्दी, मी नेमकं हेच केलं होतं म्हणून लिहितो.

स्विंडनला अकरा वर्षं होतो, गोदामात नोकरी. परतायचं ठरल्यावर शेवटच्या महिन्यात पॅरिस, रोम, प्राग, ॲमस्टरडॅम असा सपाटा लावला. मनात हेच, पुन्हा कुठे येणार? आज त्या महिन्यातलं काय आठवतं म्हणाल तर विमानतळावरची पट्ट्याची रांग आणि बॅगेचं वजन. परतलो तेव्हा हातात दोन दिवस होते, तेही सामान बांधण्यात गेले. माझ्याबरोबर रात्रपाळीला एक वयस्क वेल्श माणूस असायचा. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे धड जॅकेट नव्हतं, त्याने स्वतःचं आणून दिलं. त्याला मी फोनवर मेसेज पाठवून निघालो. मेसेज! अकरा वर्षं ज्याच्या शेजारी उभं राहून चहा प्यायलो त्याला. याची बोचणी अजून आहे.

माझं मत विचारशील तर फेरीबोट.

हिशेबनीस | १२ मे

भावनांचं तुम्ही बघा, मी कागदांचं सांगतो. फिरण्याआधी पहिल्या आठवड्यात हे हातावेगळं कर.

पदवीच्या आणि नोकरीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात चालावेत म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घे. लिस्बनमध्ये ते प्रोकुरादोरिया-जेराल करतं. भारतातून करायला गेलीस तर जिकिरीचं होईल. चारित्र्याचा दाखला तिथेच काढ. करखात्यात पत्ता बदलून देश सोडल्याची नोंद कर, नाहीतर तू तिथलीच रहिवासी धरली जाशील. सोशल सिक्युरिटीत किती वर्षं भरलीस त्याचा उतारा घे. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ती वर्षं वाया जात नाहीत. घरमालकाला नोटीस लेखी दे, आणि डिपॉझिट परत येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नको. इकडे आल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं निवासी करून घ्यावं लागतं, ते विसरू नको.

झालं. आता फिर.

जुना_कुवेतकर | १४ मे

अबोलीबाय, लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. तू विचारतेस निरोप कसा घ्यावा, आणि मी निरोप न घेता आलेला माणूस.

१९७९ पासून कुवेतमध्ये होतो, सालमियाला, एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. बायको आणि मुलगी तिकडेच. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा शहरात शिरल्या. पहिले काही दिवस वाटलं, निवळेल. मग दुकानं रिकामी झाली, पगार देणारा मालक नाहीसा झाला, दिनाराला किंमत राहिली नाही. सप्टेंबरात आम्ही बस धरली. बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा. वाळवंटात तंबूत अकरा दिवस काढले. पाण्याचा टँकर आला की लहान पोरंसुद्धा धावायची. शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान मिळालं, मग मुंबई, आणि मुंबईहून बसने म्हापसा. त्या दोन-अडीच महिन्यांत एक लाख सत्तर हजारांवर भारतीय असे परत आले. आम्ही त्यातले तिघं.

आमच्या इमारतीखाली एक पॅलेस्टिनी शिंपी होता. माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकचं कापड त्याच्याकडे दिलेलं. पिवळं, त्यावर लहान पांढरी फुलं. मुलीला तो स्वतःच्या पोरांबरोबर बसवून जेवू घालायचा, बायको कामाला जायची तेव्हा. निघालो त्या सकाळी त्याचं दुकान बंद होतं. दारावर टकटक केली. बस सुटायची होती. युद्ध संपल्यावर कुवेतमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना देश सोडावा लागला, त्यामुळे मी परत गेलो असतो तरी तो सापडला नसता. तो जिवंत आहे का, कुठे आहे, मला माहीत नाही. आम्ही सुखरूप पोचलो हे त्याला माहीत नाही.

फ्लॅटची चावी अजून माझ्या कपाटात आहे. 

तुझ्या त्या आजींना आजच सांग. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागेल, आणि तो तूच देऊ शकतेस.

कपिलेश्वरी | १४ मे

काका, वाचून गप्प झाले. नमस्कार.

अबोली | २५ मे

काकांची पोस्ट रात्री वाचली. सकाळी उठून आधी खाली गेले.

आजी मेजाशी बसून फावा सोलत होत्या. आपल्या वालासारख्या पण जाड, मे महिन्यात इकडे बाजारात ढीग असतात. मीही समोर बसून सोलायला लागले आणि सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. हिवाळ्यात तुझ्या खिडकीचा पडदा फाटला आणि तू नवीन घेतला नाहीस."

मग उठल्या, कपाटातून एक पाकीट आणलं. आत एक फोटो. सैनिकी गणवेशातला तरुण, मागे जांभ्या दगडाची भिंत आणि दोन माड. मागे शाईने लिहिलेलं, गोवा, १९६०.

त्यांचे यजमान. ते २००९ साली गेले. माझ्या आधीच्या काळातली गोष्ट, म्हणून मी त्यांच्याबद्दल कधी खोदून विचारलं नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज फौज शरण आली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढचे पाच महिने युद्धकैदी. कुठे, तर फोंड्याच्या छावणीत! आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर. १९६२ च्या मे महिन्यात त्या सगळ्यांना सोडलं, आधी विमानाने कराची आणि मग बोटीने लिस्बन. लढून मरा पण शरण जाऊ नका असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता, तो मोडला म्हणून धक्क्यावर त्यांचं स्वागत बंदूकधारी लष्करी पोलिसांनी केलं. घरच्यांनाही जवळ येऊ देईनात. आजी तेव्हा वीस वर्षांच्या, लग्न ठरलेलं. त्या धक्क्यावर होत्या.

सात वर्षं मी या बाईला सांगतेय की मी गोव्याची, फोंडा तालुक्यातली. सात वर्षांत त्यांनी हे सांगितलं नाही. मी विचारलं, का? म्हणाल्या, "तो तुमच्या जमिनीवर बंदूक घेऊन उभा होता. मग तुमच्या लोकांनी त्याला कोंडलं. पहिल्या भेटीत मी तुला यातलं काय सांगायला हवं होतं?"

छावणीबद्दल ते घरात बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे म्हणे. मार्चच्या सुमाराला काही रात्री लांबून ढोल ऐकू यायचे. रात्र सरेपर्यंत थांबायचे नाहीत. आधी वाटलं लोक चिडून चाल करून येताहेत, कुणी झोपलं नाही. मग पहाऱ्यावरच्या भारतीय शिपायाने हातवारे करून, थोडं नाचून दाखवलं, की सण आहे. मरेपर्यंत त्यांना तो ताल आठवायचा, मेजावर बोटांनी वाजवून दाखवायचे. आजींनी मला विचारलं, तो कसला सण होता? साठ वर्षं त्यांना हे विचारायला कुणी मिळालं नव्हतं.

कपिलेश्वरी | २५ मे

शिगमो गं! मार्च म्हणजे शिगमोच. आणि नुसता शिगमो नाही. १९६२ चा, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरचा पहिला. माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते, खडपाबांधला घर. ते म्हणतात तसा शिगमो त्यांनी आधी पाहिला नव्हता नि नंतरही नाही. गावातली म्हातारी माणसंसुद्धा रोंबटात, शिगम्याच्या मिरवणुकीत, नाचत होती. तो आवाज त्या छावणीत पोचत होता हे आज पहिल्यांदा ऐकलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या बाईला माझा नमस्कार सांग.

दर्यावर्दी | २५ मे

अझोरीसचा सल्ला मागे घेतो.

आझाद_मैदान | २६ मे

अबोलीताई, एक सुचवू का? जाण्याआधी पेनिशला जाऊन या. लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेला किल्ला. आपली माणसं तिथे कैदेत होती. १९४६ साली मडगावला राममनोहर लोहियांच्या सभेनंतर जी चळवळ पेटली त्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पेनिशला धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तिकडेच. पणजीच्या आझाद मैदानावरून रोज माणसं जातात, कुन्हांचं स्मारक तिथे आहे, पण ते ज्या कोठडीत राहिले ती जागा पाहिलेला गोंयकार मला अजून भेटलेला नाही.

आणि मोहन रानडे लिस्बनजवळ काशियशच्या किल्ल्यात होते. सांगलीचा माणूस, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आला, १९५५ साली जखमी होऊन पकडला गेला. गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि हे सुटले १९६९ च्या जानेवारीत! आठवा हे दर वेळी १९ डिसेंबरला. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटले.

अबोली | २६ मे

काशियश! माझ्या कामाच्या ठिकाणापासून चार-पाच स्टेशनं पुढे, काश्काइशच्या लोकल लाइनवर. दर उन्हाळ्यात समुद्रावर जाताना त्या स्टेशनवरून गाडी जाते. मी कधी खिडकीबाहेरही नीट पाहिलं नाही. आता जाते. पेनिशलाही.

मोगरा | २ जून

वाचते आहे. पुढचं लवकर लिही.

अबोली | १४ जून

परवा रात्री सांतु आंतोनियोचं फेस्त झालं. १२ जूनच्या रात्री अख्खं लिस्बन रस्त्यावर असतं आणि आमची ग्रासाची टेकडी तर विचारू नका. गल्लीगल्लीत शेगड्या, त्यावर सार्दिन्या. म्हणजे आपले तारलेच. पावाच्या जाड फोडीवर ठेवून देतात, तेल पावात मुरतं, मासा संपला की तो पाव खायचा. सात वर्षं मी हे खातेय आणि सात वर्षं पहिल्या घासाला मला आमचं सावईचं स्वयंपाकघर आठवतं, तारल्यांचा वास आला की आई दारं-खिडक्या उघडायची ते.

या फेस्ताला मांजेरीकुची कुंडी देतात. बारीक पानांची, चेंडूसारखी गोल वाढलेली तुळस म्हणा, सब्जाच्या जातीतली. वर कागदी फूल आणि चार ओळींचं कवन खोचलेलं. तिचा वास थेट नाक लावून घ्यायचा नसतो, झाड मरतं म्हणतात. तळहात पानांवर हलका ठेवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. पूर्वी मुलगे आपल्या आवडत्या मुलीला द्यायचे. आजींनी मला आणून दिली. मी म्हटलं, ही मला नेता येणार नाही, विमानतळावर रोपं अडवतात, परवाना लागतो. त्या म्हणाल्या, "नेऊ नको. माझ्याकडे ठेवून जा."

निरोप सुरू झालेत. राधाकृष्ण मंदिरात जाऊन आले. तिथली बहुतेक मंडळी गुजराती, काही दीवची, १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिकडून इकडे आलेली. चतुर्थीला पहिल्या वर्षी मी तिथे एकटी बसून रडले होते तेव्हा ज्या बाईंनी प्रसादाचं ताट पुढे केलं त्यांनी या वेळी माझी ओटी भरली. घरून नेलेली नारळ खवायची आडाळी मोझांबिकच्या मैत्रिणीला दिली. तिच्याकडेही रोज नारळ लागतो, आणि तिने ती हातात घेतली तीच अशी की माझी काळजी मिटली. कुकर कोपऱ्यावरच्या बांगलादेशी दुकानदाराच्या बायकोला. देताना वस्तूमागे एक तास जातो. आधी वाटलं वेळ वाया चाललाय. पण बसून चहा घेतल्याशिवाय कुणी ते घेतच नाही, आणि तेच खरं भेटणं ठरतंय.

अबोली | १९ जून

काल पेनिशला गेलो. १८ जून, लोहियांच्या त्या सभेचा दिवस, म्हणून मुद्दाम. आजींनी हट्ट धरला, मीही येणार. त्यांच्या भाचीने गाडी काढली.

शहर मासेमारीचं, आता सर्फिंगवाल्यांचंही. बायका अजून लाकडी फिरक्यांवर लेस विणतात. आणि टोकाला किल्ला, खाली काळे खडक, वारा असा की आजींना दोघींनी धरावं लागलं. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली आणि दोन दिवसांनी इथले राजकीय कैदी सुटले. त्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २७ एप्रिल २०२४ ला, इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण झालं. बंदीवानांची नावं कोरलेली लांब भिंत आहे. तिच्यासमोर उभं राहून मी ती चार नावं हळूच पण उघड्या आवाजात घेतली. भाचीने विचारलं, हे कोण? सांगितलं. तिला शाळेत यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं.

भेटीची खोली तशीच ठेवलीय. मध्ये काच, एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला घरची माणसं. आजी घरच्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग विचारलं, "तुमच्या त्या चौघांना भेटायला कोण यायचं?" मी म्हटलं, घर बोटीने तीन आठवड्यांवर होतं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "माझा तर पत्ता फोंडा होता. मी नकाशात शोधला होता. सापडला नाही."

मला तिथे काय वाटलं ते लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि खोडलं. एवढंच लिहिते. कुन्हांना इथे पाठवणारं आणि त्या बावीस वर्षांच्या पोराला गोव्यात मरायला सांगणारं सरकार एकच होतं. दोघांच्या कोठडीला मी एकसारखं म्हणणार नाही. एक आपल्या माणसांसाठी लढत होता, दुसरा परक्या मुलखावर पहारा देत होता. पण घरी परतण्याची वाट दोघांनीही पाहिली, आणि त्या दोन घरांतल्या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

काशियशला सोमवारी उतरले होते. किल्ल्याच्या भिंतीपर्यंत गेले, हात जोडले, पुढची लोकल धरून परत आले.

आझाद_मैदान | १९ जून

ताई, आमच्या वतीने नावं घेतलीत, उपकार झाले. कोकणीत तर 'देव बरें करूं'.

तुरुंग हा शब्द पोर्तुगीज त्रोंकुवरून आला. पगार, लिलाव, बिजागरी, घमेलं, हेही त्यांचेच. काकांच्या कपाटातली चावीही.

अबोली | २६ जून

घरी पोचले. मुंबईमार्गे मोपा विमानतळ, आणि मोपाहून घरापर्यंत नुसता पाऊस. बाबा व्हरांड्यात उभे. पाय धुवायला पाणी काढून ठेवलेलं.

शेवटच्या दिवसाचं लिहायचं राहिलं. सकाळी कासिल्यासची फेरी केली. या वेळी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवून सगळं पाहिलं. '२५ एप्रिल' नावाचा लाल पूल, पलीकडच्या टेकडीवरचा ख्रिस्त, पाण्यावर चकाकणारं ऊन. दुपारी घरमालकाला चावी दिली. घर रिकामं झालं की आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, म्हणून आत न थांबता खाली आजींकडे जाऊन बसले. टॅक्सी आली. मला धास्ती होती की त्या 'आदेउश' म्हणतील. तो शब्द तिकडे कुणी सहज काढत नाही, तो कायमचा असतो. त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, 'आते लोगु'. संध्याकाळी भेटू. रोज मी कामावर निघाले की म्हणायच्या तेच. मी मराठीत 'येते' म्हटलं. ते त्यांना सात वर्षांपासून कळतं.

परवा २४ तारखेला सांजांव, संत जुआंवचं फेस्त, होतं. शेजारच्या गावातली पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारत होती. काल देवळात जाऊन आमच्या देवाला, मदनंताला, गाऱ्हाणं घालून आलो.

दर्यावर्दी, अझोरीस राहिलं. राहू दे.

जुना_कुवेतकर | २७ जून

बाय, सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. तू आजींना सांगितलंस त्या दिवसापासून हा धागा मी बायकोला रोज वाचून दाखवतो. मुलगी आता चाळिशीत आहे, पर्वरीला असते. तिला आम्ही त्या फ्रॉकचं कधी सांगितलंच नव्हतं. परवा सांगितलं. ती म्हणाली, बाबा, त्याच्या धाकट्या मुलीचं नाव मला आठवतं. मला आठवत नव्हतं. आता ती फेसबुकवर शोधतेय. सापडेल असं नाही. पण नाव मिळालं.

म्हापशेकर | २७ जून

मीही त्या वेल्श मित्राला फोन केला. त्याने आवाज ओळखला.

अबोली | ३० ऑगस्ट

मंडळी, धागा वर काढतेय.

२७ तारखेला चतुर्थी झाली. पाच दिवसांचा गणपती. रात्री वाड्यावरची माणसं आरतीला आली, घुमट, शामेळ, कांसाळें ही वाद्यं घेऊन. आमच्याकडे घुमट आरती तासभर चालते, ठाऊक आहेच. शिगम्याचा ढोल वेगळा, पण घुमट तोच, आणि हात तेच.

मी मध्येच व्हरांड्यात जाऊन आजींना फोन लावला. तिकडे दुपार होती. सुरुवातीला त्या सांगत राहिल्या की मांजेरीकु वाळली, पण बी धरून ठेवलंय. मी म्हटलं, ऐका, आणि फोन आत नेऊन मखराजवळ धरला. आरती संपेपर्यंत तसाच धरला. हात भरून आला, बाबांनी मनगटाखाली आपला हात दिला.

नंतर फोन कानाला लावला तर पलीकडे काहीच ऐकू येईना. वाटलं कट झाला. मग टकटक ऐकू आली. त्या मेजावर बोटांनी ताल धरत होत्या, अडखळत, चुकत.

"हाच," म्हणाल्या. "परत वाजवायला सांग."

बाबांनी घुमट उचललं.